मैनेचे साडेनऊ किलो: श्वानांच्या वजन-नियंत्रण सेवेचा सव्वा वर्षाचा अनुभव

आमची मैना ही सात वर्षांची, नसबंदी झालेली लॅब्राडोर कुत्री. ज्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वजन-नियंत्रण सेवेत आम्ही तिला दाखल केले, तेथे पहिल्या दिवशी तिचे वजन ३८.४ किलो भरले आणि बेचाळिसाव्या आठवड्यात ते २८.८ किलोवर आले. एवढ्यावरून कोणीही या सेवेची शिफारस करेल, आणि मीही करते. मात्र वजन उतरवण्याचे काम जितक्या काळजीने झाले, तितक्या काळजीने ते टिकवण्याचे झाले नाही. ही उणीव गंभीर आहे, म्हणून दवाखान्याचे नाव न घेता अनुभव सविस्तर लिहीत आहे. स्थूल कुत्र्यासाठी अशी सेवा शोधणाऱ्याने काय पाहावे आणि काय आधीच विचारून घ्यावे, हे त्यातून कळावे एवढाच हेतू आहे.

पहिली भेट तासाभराची होती आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटली. मैनेला काट्यावर उभे करण्यापूर्वी डॉक्टरांनी तिला हातांनी तपासले. दोन्ही पंजे तिच्या बरगड्यांवर सपाट ठेवून फासळ्या किती दाबल्यावर लागतात, वरून पाहिल्यावर कंबर दिसते का, बाजूने पाहिल्यावर छातीमागे पोट वर चढते का, हे पाहून त्यांनी नऊ गुणांच्या शरीरस्थिती-मापावर तिला आठ गुण दिले. या मापावर चार किंवा पाच गुण म्हणजे योग्य स्थिती, आणि पाचाच्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे आदर्श वजनापेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के अधिक भार. मग त्यांनी माझा हात धरून घरी करण्याची सोपी तुलना शिकवली. उघड्या तळहाताच्या बोटांखालचा मांसल भाग चाचपून पाहिला आणि कुत्र्याच्या फासळ्या तशाच हाताला लागल्या, तर चरबी जास्त आहे; मूठ वळून तिची टोकदार हाडे चाचपावीत तशा लागल्या, तर कुत्रे फार रोड आहे; आणि हात सपाट ठेवून त्याची मागची बाजू चाचपावी तशा लागल्या, तर ठीक आहे. मैनेच्या फासळ्या मला तळहाताइतक्याही लागल्या नाहीत. गेली तीन वर्षे मी रोज तिच्या अंगावरून हात फिरवत होते आणि ही गोष्ट मला कळली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

त्याच भेटीत रक्त तपासणीसाठी घेतले गेले. थायरॉइड ग्रंथी मंदावली असेल किंवा मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी जास्त संप्रेरक तयार करत असेल, तर केवळ आहार कमी करून भागत नाही, आणि हे आधी तपासल्याशिवाय योजना आखणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ज्या ठिकाणी ही पायरी गाळून थेट खाद्याची पिशवी हातात ठेवली जाते, तेथे थांबू नये असे माझे मत आहे. मैनेच्या बाबतीत दोन्ही निष्कर्ष निर्दोष निघाले. म्हणजे कारण आमच्या घरात होते.

लॅब्राडोर सतत खायला मागतो म्हणून आपण त्याला हावरट म्हणतो. मीही म्हणत असे. डॉक्टरांनी सांगितले की २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातील एक तुटलेला तुकडा शोधून काढला, तो साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये आढळतो, आणि ज्यांच्यात तो असतो त्यांच्या मेंदूला पोट भरल्याचा निरोप नीट पोहोचत नाही. पुढच्या संशोधनात असेही दिसले की अशी कुत्री विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही कमी खर्च करतात. मैनेत तो दोष आहे की नाही हे तपासायची गरज नाही, कारण उपाय तोच राहतो, असे ते म्हणाले. पण ते ऐकल्यानंतर तिच्या रिकाम्या थाळीकडे आणि तिच्या नजरेकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागले. भूक हा तिचा दुर्गुण नव्हता. ती भूक सांभाळण्याची जबाबदारी मात्र आमची होती.

एखादी गोळी नाही का, असेही मी विचारले. अमेरिकेत २००७ साली कुत्र्यांच्या स्थूलपणावर डिर्लोटापाइड नावाच्या औषधाला मान्यता मिळाली होती, परंतु औषध बंद केले की भूक परत येत असे आणि आता ते बाजारात नाही, एवढे उत्तर मिळाले आणि विषय संपला.

योजनेचे गणित त्यांनी माझ्यासमोर कागदावर मांडले, आणि ही पारदर्शकता मला फार आवडली. आदर्श वजन २८.५ किलो धरले. किलोमधील वजनाचा पाऊण (०.७५) घात काढून त्याला सत्तरने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या कॅलरी मिळतात; त्या हिशेबाने मैनेचा दिवसाचा वाटा सुमारे ८६० कॅलरी ठरला. महत्त्वाचे हे की हिशेब आजच्या वजनावर न करता गाठायच्या वजनावर केला होता. त्यातील जास्तीत जास्त दहा टक्के, म्हणजे ८६ कॅलरी, शिकवणीच्या वेळच्या खाऊसाठी राखून ठेवल्या, आणि उरलेल्या ७७४ कॅलरींसाठी १०० ग्रॅममध्ये ३०० कॅलरी असलेले वजन-नियंत्रणाचे खाद्य दिवसाला २५८ ग्रॅम लिहून दिले. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते दोन टक्के इतकीच घट व्हावी. त्याहून वेगाने उतरल्यास स्नायूही झिजतात, असा इशाराही त्यावर होता.

पूर्वीचेच खाद्य निम्मे का देऊ नये, हा माझा प्रश्न होता आणि बहुतेकांचा असेल. नेहमीच्या खाद्यातील प्रथिने, जीवनसत्त्वे आणि खनिजे ही नेहमीच्या मात्रेच्या हिशेबाने घातलेली असतात, त्यामुळे मात्रा निम्मी केली की कॅलरींबरोबर तीही निम्मी होतात आणि महिनोन्‌महिने तसे चालल्यास कुत्र्याची उपासमार वेगळ्या प्रकारे होते. वजन-नियंत्रणाच्या खाद्यात चरबी कमी, प्रथिने आणि तंतू जास्त, आणि प्रत्येक कॅलरीमागे सूक्ष्म पोषकद्रव्ये जास्त असतात. या खाद्याविषयी माझे मत चांगले आहे, पण दोन गोष्टी आधी कोणी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते. तंतूंमुळे विष्ठेचे प्रमाण लक्षणीय वाढते आणि दिवसातून एक फेरी जास्त करावी लागते. दुसरे म्हणजे, जुन्या खाद्यावरून नव्यावर येताना आठवडाभर दोन्ही मिसळून हळूहळू बदल करावा लागतो. आम्ही तीन दिवसांत बदलले आणि मैनेचे पोट बिघडले. सूचनापत्रात हे छापलेले होते, परंतु इतक्या बारीक अक्षरात आणि इतके शेवटी, की ते तोंडी सांगायला हवे होते.

या संपूर्ण सेवेत दवाखान्याने दिलेली सर्वांत साधी वस्तू सर्वांत उपयोगी ठरली: ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. आमच्याकडे खाद्याबरोबर आलेला मापाचा कप होता, आणि एक कप म्हणजे ११० ग्रॅम अशी त्यावर खूण होती. घरी आणून मी सवयीप्रमाणे दहा वेळा कप भरला आणि प्रत्येक वेळी वजन केले. सर्वांत हलका कप १०४ ग्रॅमचा आणि सर्वांत जड १४१ ग्रॅमचा भरला. म्हणजे दिवसाला तीन कप देताना एखाद्या दिवशी तिला जवळजवळ एक कप फुकटचा मिळत होता, आणि तरीही घरातील प्रत्येक जण छातीठोकपणे सांगत असे की आम्ही मोजूनच देतो. हा केवळ आमचा दोष नव्हे. कपाने मोजताना एकाच माणसाच्या हातूनही केवढी चूक होते, हे संशोधकांनी अभ्यासून दाखवले आहे. लहान कुत्र्याच्या बाबतीत, जिथे दिवसाचे एकूण खाद्यच पाऊणशे ग्रॅमचे असते, तिथे ही चूक पूर्ण योजना मोडून टाकू शकते. ज्यांना अशी सेवा घेणे शक्य नाही, त्यांनी निदान काटा तरी घ्यावा.

सुरुवातीचे चौदा आठवडे वजन नियमाने उतरत गेले. दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, त्याच वेळी, पट्टा काढून वजन होत असे आणि परिचारिका ते आलेखावर नोंदवत असे. ३६ किलोच्या आसपास मैनेचा मागचा उजवा पाय लंगडणे कमी झाले. सांध्यांची झीज झालेल्या कुत्र्यांमध्ये शरीराचे वजन जेमतेम सहा टक्क्यांनी उतरले तरी लंगडणे कमी होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, आणि आमच्या डोळ्यांसमोर अगदी त्याच सुमारास ते घडले. पायऱ्या चढताना ती मध्येच थांबत असे, ते थांबले. ज्यांना दहा किलोचा डोंगर पाहूनच धीर सुटतो, त्यांच्यासाठी ही गोष्ट मुद्दाम लिहिते: फायदा शेवटच्या किलोला मिळत नाही, तो पहिल्या दोन किलोंपासूनच मिळू लागतो.

मग वजन ३४.३ वर अडकले. पुढच्या वेळी ३४.४ भरले. अशा वेळी या सेवेने जे केले, त्यासाठी मी तिला पूर्ण गुण देते. खाद्य आणखी कमी करण्याचा मार्ग सोपा होता. तसे न करता परिचारिकेने आम्हाला एक वही दिली आणि आठवडाभर मैनेच्या तोंडात जे जे जाईल ते, कोणी दिले त्याच्या नावासह, लिहायला सांगितले. पुढच्या भेटीला घरातील सर्वांनी यावे असा आग्रह धरला. आम्ही सगळे गेलो, माझे वडीलही आले.

वहीत बाबांच्या नावापुढे एकही नोंद नव्हती. परिचारिकेने वही मिटली आणि अत्यंत मायेने विचारले, "आजोबा, संध्याकाळी मैना तुमच्याजवळ बसते ना?" बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बसते. चार बिस्किटे देतो मी तिला. बायको गेल्यापासून संध्याकाळी तीच असते माझ्याजवळ." प्रत्येक बिस्किटात चाळीस कॅलरी, म्हणजे रोजच्या १६०, मैनेच्या संपूर्ण दिवसाच्या वाट्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. माझ्या मनात राग आला होता, पण परिचारिकेच्या चेहऱ्यावर तो नव्हता. तिने बिस्किटे बंद करा असे म्हटले नाही. ती म्हणाली, "आजोबा, तिला तुमच्या हातचेच हवे आहे, बिस्किटच हवे आहे असे नाही. सकाळी ताई मोजतील तेव्हा त्यातले वीस ग्रॅम तुमच्या डबीत काढून ठेवतील. संध्याकाळी तुम्ही एकेक दाणा द्या."

त्या दिवसापासून बाबांच्या खुर्चीशेजारी झाकणाची एक डबी असते. वीस ग्रॅममध्ये दाणे पुष्कळ होतात. चार बिस्किटे दोन मिनिटांत संपत, ही डबी पाऊण तास पुरते. दोन आठवड्यांनी काटा पुन्हा खाली सरकला. या एका सल्ल्यासाठी मी या सेवेचे मनापासून आभार मानते. स्थूल कुत्र्याच्या घरी बहुधा असा एक माणूस असतो ज्याचा दिवस त्या एका घासाभोवती उभा असतो. त्याच्याकडून तो घास काढून घेतला तर योजना चोरून मोडली जाते; त्याच्या हातात मोजलेला घास दिला तर तोच योजनेचा राखणदार होतो. बाबा आता पाहुण्यांनाही मैनेला काही देऊ देत नाहीत.

सेवेबरोबर मिळालेल्या इतर साधनांविषयी थोडक्यात लिहिते. गळ्यात घालायचा, हालचाल मोजणारा पट्टा आमच्या फारशा उपयोगी पडला नाही. अंग खाजवले तरी पावले मोजली जात, आणि आकडा मोठा दिसला की "आज खूप चालली" म्हणून तिला काहीतरी द्यावेसे वाटे. मुळात मैनेएवढ्या कुत्रीला तीन किलोमीटर चालवले तरी साधारण दोन बिस्किटांइतकीच ऊर्जा खर्च होते. चालणे स्नायूंसाठी, सांध्यांसाठी आणि तिच्या आनंदासाठी आवश्यक आहे, पण वजन थाळीतूनच उतरते. पाण्यातील ट्रेडमिल दुखऱ्या सांध्यांच्या कुत्र्यांसाठी उत्तम आहे, कारण शरीराचा बराच भार पाणी उचलते. सुरुवातीच्या दोन महिन्यांत तिचा उपयोग झाला, नंतर साधे फिरणे पुरले. खाचांची, कोड्यासारखी थाळी मात्र जरूर घ्यावी. पूर्वी दीड मिनिटात संपणारे जेवण त्यामुळे बारा-तेरा मिनिटे चालू लागले. शिकवणीच्या खाऊसाठी गाजर आणि काकडीचे तुकडे सुचवले होते, ते मैनेला मानवले. द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असलेले काहीही कुत्र्यासाठी विषारी असते, ही यादी त्यांनी स्वयंपाकघरात लावायला दिली, तेही योग्यच केले.

आता तक्रार. बेचाळिसाव्या आठवड्यात वजन २८.८ किलो भरले, डॉक्टरांनी फासळ्या तपासून पाच गुण दिले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, मैनेचा फोटो काढला आणि फाइल बंद झाली. पुढे काय, या प्रश्नाला "आता नेहमीचे खाद्य सुरू करा, पाकिटावरील तक्ता पाहा आणि लक्ष ठेवा" एवढेच उत्तर मिळाले. पुढील भेटीची तारीख दिली गेली नाही. जुन्या खाद्याच्या पाकिटावरील तक्त्याप्रमाणे तिच्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला ३४५ ग्रॅम, म्हणजे पावणेतेराशेच्या आसपास कॅलरी लागत होत्या. आम्ही काट्यावर मोजून तेवढेच दिले. दहा आठवड्यांनी सहज म्हणून वजन केले, तर ३०.१ किलो.

मला त्या दिवशी रडू आले, कारण या वेळी आम्ही काहीच चुकवले नव्हते. मी पुन्हा भेट मागितली आणि वरिष्ठ डॉक्टरांनी जे समजावले ते पहिल्याच दिवशी योजनेच्या कागदावर असायला हवे होते. वजन उतरलेल्या कुत्र्याची ऊर्जेची गरज त्याच वजनाच्या, कधीही स्थूल नसलेल्या कुत्र्यापेक्षा कमी असते. वजन उतरवताना जेवढे देत होतो त्याहून थोडेसेच जास्त त्याला पुरते. वजन उतरवलेल्या कुत्र्यांचा पुढे मागोवा घेतला असता त्यांतील जवळपास निम्म्यांचे वजन पुन्हा वाढलेले आढळले आहे, आणि ज्यांना पुढेही वजन-नियंत्रणाचेच खाद्य दिले गेले, त्यांचे वजन परत वाढण्याचे प्रमाण बरेच कमी होते. पाकिटावरील तक्ता ज्या कुत्र्यासाठी छापलेला असतो, ती मैना नव्हती.

मग जे आधी व्हायला हवे होते ते झाले. तिला पुन्हा वजन-नियंत्रणाच्या खाद्यावर आणले, वजन नऊ आठवड्यांत २८.७ वर आले, आणि त्यानंतर दर दोन आठवड्यांनी मात्रा थोडी थोडी वाढवत काटा कुठे स्थिरावतो ते पाहिले. तो १०२० कॅलरींवर स्थिरावला. कधीही स्थूल नसलेल्या कुत्र्यासाठी पुस्तकात असलेल्या नेहमीच्या सूत्राने तिला सुमारे १३९० कॅलरी दिल्या गेल्या असत्या, आणि एका वर्षात ती पुन्हा होती तिथे पोहोचली असती. स्थिरावण्याचा हा टप्पा तीन महिन्यांचा होता आणि तो मला मागून घ्यावा लागला. ज्याला मागावे हे सुचणार नाही, त्या माणसाचे आणि त्याच्या कुत्र्याचे काय होत असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. मी दवाखान्याला लेखी कळवले आहे की लक्ष्य गाठल्यानंतरचे सहा महिने सेवेतच धरावेत. उत्तर सौजन्याचे आले. बदल झाल्याचे अजून दिसलेले नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे विचारणारे नातेवाईक आम्हालाही भेटले. डॉक्टरांनी सांगितलेला एक अभ्यास मी त्यांना सांगते. ४८ लॅब्राडोरच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाद्य पिल्लूपणापासून आयुष्यभर दिले गेले. २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य (म्हणजे गटातील निम्मी कुत्री जिथवर जगली ते वय) १३ वर्षे, तर जोडीदारांच्या गटाचे ११.२ वर्षे, आणि सांध्यांची दुखणीही सडपातळ कुत्र्यांना उशिरा सुरू झाली. विशेष म्हणजे जास्त खाणारी ती कुत्री मैनेइतकी लठ्ठही नव्हती. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे म्हणजे किती, हे ज्याने कुत्रे सांभाळले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तेव्हा ही सेवा घ्यावी का? ज्यांच्या कुत्र्याचे वजन आदर्श वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त आहे, सांधे दुखतात किंवा घरात खायला देणारे हात पुष्कळ आहेत, त्यांनी अवश्य घ्यावी. थोडेसेच वजन वाढलेले असेल, तर रक्ततपासणी, एक काटा आणि पशुवैद्याने काढून दिलेला कॅलरींचा आकडा पुरेल. वाढीच्या वयातील पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्र्यांना ही योजना लावू नये. ते दवाखान्याने स्वतःहून फलकावर लिहिले आहे, हे चांगले आहे. नाव नोंदवतानाच तीन गोष्टी लेखी मागाव्यात: हिशेब कोणत्या वजनावर केला आहे, वजन अडकले तर प्रथम काय केले जाईल, आणि लक्ष्य गाठल्यानंतरच्या भेटींच्या तारखा. पाचपैकी मी चार तारे देते, आणि कापलेला तारा पूर्णपणे त्या बंद केलेल्या फाइलसाठी आहे.

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातील काटा कोणालाही वापरता येतो, त्यासाठी वेळ ठरवावी लागत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा मैनेला घेऊन तिथे जातात आणि आकडा डबीच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर लिहितात. मागच्या रविवारचा आकडा २८.६ आहे.